आरोग्यविमा सुधारणा: जनमताचा आकडा वाचायचा कसा आणि संदेश लिहायचा कसा

मे २०१४ मध्ये एनबीसी न्यूजसाठी मॅरिस्ट या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या मतदारांना दोन नावांबद्दल विचारलं. 'ओबामाकेअर'बद्दल ५७ टक्के लोकांचं मत वाईट होतं. 'कायनेक्ट'बद्दल वाईट मत असणारे फक्त २२ टक्के निघाले. कायनेक्ट म्हणजे ओबामाकेअर कायद्याखालीच केंटकी सरकारने उघडलेला विमा-बाजार. हप्त्यातली सवलत तीच, विमा कंपन्यांवरचे नियम तेच. फरक पाटीचा होता.

अमेरिकेतल्या आरोग्यविमा सुधारणांवर बातमी, अभ्यास किंवा प्रचारसाहित्य लिहिणाऱ्याने हे उदाहरण कायम डोळ्यांसमोर ठेवावं. इथे आकडा चुकीचा वाचला की संदेश चुकतो, आणि संदेश चुकला की ज्याला विमा मिळू शकला असता तो माणूस अर्जच करत नाही. म्हणून आधी आकडे वाचायची पद्धत आणि मग संदेश लिहायची, अशा क्रमाने पुढे जाऊ. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मतदार प्रत्येक सुधारणेला 'आज माझ्या पाकिटात जे विम्याचं कार्ड आहे, त्याचं काय होणार?' याच मापाने मोजतो.

कोणाच्या पाकिटात काय आहे

जवळपास निम्म्या अमेरिकनांचा विमा नोकरीतून येतो. ६५ वर्षांवरच्यांना आणि काही अपंग व्यक्तींना मेडिकेअर आहे. ती केंद्राची योजना. कमी उत्पन्नवाल्यांना मेडिकेड आहे. तिचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात, त्यामुळे तिचे नियम आणि कधी कधी नावही राज्यागणिक बदलतं. २३ मार्च २०१० रोजी सही झालेल्या 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'ने, म्हणजेच ओबामाकेअरने, स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांसाठी बाजार उघडले आणि मेडिकेडची पात्रता वाढवायची वाट राज्यांना करून दिली. उरलेले लोक विम्याविना आहेत.

संदेश लिहायला बसण्याआधी या पाच गटांची एक यादी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: या प्रस्तावाने ह्याचं काय जातं आणि ह्याला काय मिळतं. जो गट सुधारणेमुळे सर्वांत जास्त मिळवणार असतो, तोच बहुतेक वेळा मतदानाला सर्वांत कमी येतो. जो गट काही गमावेल असं त्याला वाटतं, तो झाडून येतो. हे गणित कोणत्याही सर्वेक्षणाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं नसतं.

आकडा वाचायची पद्धत

बातमीतला आकडा बाजूला ठेवा आणि सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केलेली मूळ प्रश्नावली उघडा. चांगली संस्था प्रत्येक प्रश्नाचे नेमके शब्द, प्रश्नांचा क्रम, तारखा, नमुना किती आणि कसा घेतला हे सगळं छापते. छापत नसेल तर तो आकडा वापरू नका.

पहिली नजर प्रश्नातल्या नावावर टाका. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसीने अर्ध्या लोकांना 'ओबामाकेअर'बद्दल आणि अर्ध्यांना 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'बद्दल विचारलं. पहिल्या नावाला ४६ टक्के विरोध, दुसऱ्याला ३७. पण म्हणून दुसरं नाव जास्त लाडकं होतं असं समजू नका. पाठिंबाही पहिल्या नावाला २९ टक्के होता आणि दुसऱ्याला २२. दुसरं नाव ऐकल्यावर ३० टक्के लोकांनी हे काय आहे तेच माहीत नसल्याचं सांगितलं. नेत्याचं नाव जोडलं की दोन्ही बाजूंचे लोक जागे होतात. कायद्याचं कोरडं नाव घेतलं की बरेच लोक बाजूला बसतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये, कायदा होऊन सात वर्षं उलटल्यावरही, मॉर्निंग कन्सल्टच्या पाहणीत ३५ टक्के लोकांना ही दोन्ही नावं एकाच कायद्याची आहेत हे ठाऊक नव्हतं.

दुसरी नजर पर्यायाच्या शब्दांवर. २००९ मध्ये सरकारी विमा योजनेचा, म्हणजे 'पब्लिक ऑप्शन'चा, वाद ऐन भरात होता. एनबीसी आणि वॉल स्ट्रीट जर्नलच्या जूनमधल्या सर्वेक्षणात विचारलं होतं की लोकांना सरकारी आणि खासगी योजनांतून निवड करता येणं किती महत्त्वाचं वाटतं. ७६ टक्क्यांनी ते महत्त्वाचं म्हटलं. ऑगस्टमध्ये प्रश्न बदलला: खासगी कंपन्यांशी स्पर्धा करणारी सरकारी योजना काढायला तुमचा पाठिंबा आहे की विरोध? पाठिंबा ४३ टक्के. दोन महिन्यांत एवढं जनमत कोसळलं, असा अर्थ काढणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती. त्या उन्हाळ्यात विरोधाची धार वाढली होती हे खरं; पण दोन प्रश्न मुळातच वेगळे होते. एकात 'निवड' होती आणि 'महत्त्वाचं' हा शब्द होता, दुसऱ्यात 'विरोध' हे उत्तर समोर ठेवलं होतं. काळानुसार बदल दाखवायचा असेल तर शब्दशः तोच प्रश्न, त्याच संस्थेचा, त्याच क्रमातला घ्या. या कामासाठी आरोग्यधोरणावर काम करणाऱ्या केएफएफ या संस्थेची २०१० पासून चालत आलेली मालिका सर्वांत उपयोगी आहे.

तिसरी गोष्ट, 'विरोध' फोडून पाहा. मार्च २०१० मध्ये सीएनएनच्या सर्वेक्षणात विधेयकाला ५९ टक्के विरोध दिसला. त्याच सर्वेक्षणातल्या पुढच्या प्रश्नात ४३ टक्क्यांना ते फार उदारमतवादी, म्हणजे सरकारकडे फार झुकलेलं, वाटत होतं, पण १३ टक्क्यांना ते पुरेसं पुढे जात नाही म्हणून नको होतं. या १३ टक्क्यांना 'सरकारी हस्तक्षेप नको' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं की संदेशाची दिशाच उलटी होते. सर्वेक्षणात कारणाचा प्रश्न नसेल तर एवढंच लिहा की विरोध आहे. का आहे ते तुम्हाला माहीत नाही.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट: पाठिंबा युक्तिवादाचा मारा सोसतो का ते पाहा. जानेवारी २०१९ मध्ये केएफएफने 'मेडिकेअर फॉर ऑल'बद्दल, म्हणजे सर्वांना एकाच सरकारी विम्यात आणण्याच्या प्रस्तावाबद्दल, विचारलं तेव्हा ५६ टक्के लोक बाजूने होते. 'सर्वांना विम्याचा हक्क मिळेल' असं सांगितल्यावर ते ७१ झाले, 'हप्ते जातील आणि खिशातला खर्च कमी होईल' म्हटल्यावर ६७. मग उलट बाजू ऐकवली. खासगी विमा कंपन्या बंद होतील म्हटल्यावर पाठिंबा ३७ टक्क्यांवर आला. बहुतेकांना जास्त कर भरावा लागेल म्हटल्यावरही ३७. आजची मेडिकेअर धोक्यात येईल म्हटल्यावर ३२. काही तपासण्या-उपचारांना उशीर होईल म्हटल्यावर २६. म्हणजे एकाच प्रस्तावाचा आकडा ७१ पासून २६ पर्यंत कुठेही उभा करता येतो. यांतला कोणता खरा, हा प्रश्न निरर्थक आहे. ५६ हा आकडा वाद सुरू होण्याआधीचा आहे आणि प्रचार वाद सुरू झाल्यावरच होतो, एवढं लक्षात ठेवा. त्याच सुमाराला, आपला सध्याचा विमा या योजनेतही कायम राहील असं मानणारे पुष्कळ होते. त्यांचा पाठिंबा त्या समजुतीवर उभा होता. असा पाठिंबा आपला म्हणून मोजू नये.

नमुन्याचं गणित थोडक्यात. १,००० जणांच्या नमुन्यात साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होतात. भारांकन, म्हणजे नमुना लोकसंख्येशी जुळावा म्हणून उत्तरांना दिलेलं कमी-जास्त वजन, धरलं तर साडेतीन-चार. त्यातले २५० अपक्ष मतदार वेगळे काढले तर ६ टक्के. १०० जणांचा उपगट असेल तर १० टक्के, म्हणजे त्यावर मथळा करणं गैर आहे. आणि दोन आकड्यांतला फरक तपासताना चुकीची मर्यादा दोन्हींची मिळून वाढते: ५००-५०० च्या दोन गटांत ६ टक्क्यांच्या आतला फरक नुसता योगायोगही असू शकतो. नमुना 'सर्व प्रौढांचा' आहे, 'नोंदणीकृत मतदारांचा' आहे की 'मतदान करण्याची शक्यता असलेल्यांचा', हेही बघा. विमा नसलेले लोक पहिल्या नमुन्यात असतात आणि शेवटच्यापर्यंत पोचेतो गळतात.

तुकडे आवडतात, गाठोडं आवडत नाही

ओबामाकेअरमधल्या एकेका तरतुदीबद्दल विचारलं की बहुतेक तरतुदींना बहुमत मिळतं, रिपब्लिकन मतदारांतही. जुना आजार आहे म्हणून विमा नाकारता येणार नाही, मुलांना २६ वर्षांपर्यंत आई-वडिलांच्या विम्यात राहता येईल, प्रतिबंधक तपासण्या मोफत मिळतील: या गोष्टी जवळपास कोणालाच नकोशा नाहीत. नावडती तरतूद ठळकपणे एकच होती, विमा न घेणाऱ्याला दंड. (२०१७ च्या करकायद्याने हा दंड २०१९ पासून शून्यावर आणला.)

इथे नवशिके हमखास फसतात. आठ लोकप्रिय तरतुदींची बेरीज करून कायदा लोकप्रिय ठरवतात आणि मग गाठोड्याचा आकडा पाहून लोकांनाच अडाणी म्हणतात. लोक अडाणी नसतात. तरतुदीबद्दल विचारताना किंमत सांगितलेली नसते. गाठोड्याबद्दल विचारताना किंमत, पक्ष आणि सरकारवरचा विश्वास हे सगळं एकदम तोललं जातं. नोव्हेंबर २०१३ मध्ये केएफएफच्या मालिकेत कायद्याबद्दल चांगलं मत ३३ टक्क्यांवर आणि वाईट ४९ वर गेलं, तेव्हा कायद्याचा मजकूर एका ओळीनेही बदललेला नव्हता. सरकारी संकेतस्थळ कोसळलं होतं आणि लोकांच्या घरी जुना विमा रद्द झाल्याची पत्रं येत होती.

तरतुदींचे आकडे संदेशात जरूर वापरा, पण बचावासाठी. कोणी कायदा मोडायला निघालं की तरतुदी बोलक्या होतात. २०१७ मध्ये तेच झालं. सात वर्षांत ओबामाकेअर स्वतःच 'हातचं' बनलं होतं आणि त्याला रद्द करणारं विधेयक 'पळतं'. मार्च २०१७ च्या क्विनिपियाक सर्वेक्षणात पर्यायी विधेयकाला अवघा १७ टक्के पाठिंबा मिळाला. प्रतिनिधिगृहाने ते मे महिन्यात २१७ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केलं, पण २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये रद्द करण्याचा शेवटचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ असा पडला. मूळ कायद्याबद्दलचं चांगलं मत त्याच वर्षी वाईट मताच्या पुढे सरकलं. २०२४ पर्यंत ते ६० टक्क्यांच्या वर पोचलं होतं.

संदेश लिहायची पद्धत

१९९३ च्या सप्टेंबरात अध्यक्ष क्लिंटन यांनी आरोग्यविमा सुधारणेची योजना मांडली. विधेयक १,३४२ पानांचं झालं. त्याच महिन्यात विमा कंपन्यांच्या संघटनेने हॅरी आणि लुईस या मध्यमवर्गीय जोडप्याच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली. दोघं घरातल्या टेबलाशी बसून हिशेबाची कागदपत्रं चाळतात आणि काळजीने बोलतात: निवड ते करणार, नुकसान आपलं होणार. योजनेच्या बाजूने आकृत्या होत्या, तत्त्वं होती. टेबलाशी बसून 'आपलं काय?' याचं उत्तर देणारं कोणी नव्हतं. वर्षभरात विधेयक मतदानाला न येताच संपलं.

म्हणून पहिलं वाक्य नेहमी 'तुमचं काय' याचं असावं. पण ते खरं असावं. २००९ पासून ओबामांनी वारंवार सांगितलं की तुम्हाला तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील. वाक्य छोटं होतं, धीर देणारं होतं आणि नोकरीतून विमा मिळणाऱ्या बहुतेकांसाठी जवळपास खरंही होतं. चूक कुठे झाली ते नीट पाहा. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांच्या जुन्या पॉलिसींना नव्या नियमांतून सूट होती, पण सही झाल्याच्या दिवसापासून त्या पॉलिसीत मोठा बदल झालेला नसला तरच. त्या बाजारात पॉलिसी दरवर्षी बदलतात, लोकही येतात-जातात. त्यामुळे २०१३ च्या शरद ऋतूत लाखो पत्रं गेली, अध्यक्षांना दूरचित्रवाणीवर माफी मागावी लागली, आणि पोलिटिफॅक्ट या तथ्य तपासणाऱ्या संकेतस्थळाने ते वाक्य त्या वर्षीचं सर्वांत मोठं असत्य ठरवलं. 'सर्वांना' लागू होणारं वाक्य लिहिताना त्या पाच गटांच्या यादीतला सर्वांत छोटा गट काढा आणि वाक्य त्याला वाचून दाखवा. तिथे खोटं ठरत असेल तर बदला. 'नोकरीतून विमा असेल तर या कायद्याने तो काढून घेतला जात नाही; स्वतः विकत घेतला असेल तर या तारखेपर्यंत तपासून पाहा' हे वाक्य लांब आहे, पण त्यासाठी चार वर्षांनी माफी मागावी लागत नाही.

आता एक वाक्य हातात घेऊन घासू. विषय: ज्या राज्याने मेडिकेडची पात्रता अजून वाढवलेली नाही, तिथे ती वाढवावी.

पहिला खर्डा असा येतो: 'मेडिकेडची पात्रता केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत वाढवण्यास पाठिंबा द्या.' हे कायद्याचं वाक्य आहे. १३८ टक्के म्हणजे किती हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि 'दारिद्र्यरेषा' म्हटलं की काम करणारा माणूस हे आपल्याबद्दल नाही असं समजतो.

आकडा डॉलरमध्ये आणा. २०२४ च्या रेषेनुसार एकट्या माणसासाठी ही मर्यादा वर्षाला २०,७८३ डॉलर होते. 'वर्षाला २०,७८३ डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्याला विमा मिळेल.' बरं झालं, पण मजुरीवर जगणारा माणूस वर्षाचा हिशेब करत नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाला २,०८० तास धरून भागा. तासाला साधारण १० डॉलर येतात. 'तासाला दहा डॉलरच्या आत मजुरीवर पूर्णवेळ राबणाऱ्या एकट्या माणसाला विमा मिळेल.' आता चेहरा दिसायला लागला. लगेच पुढचा प्रश्न येतो: खर्च कोणाचा? वाढीव पात्रतेवाल्यांच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र उचलतं. म्हणून: 'तासाला दहा डॉलरच्या आत मजुरीवर पूर्णवेळ राबणाऱ्याला विमा मिळेल, दर १० डॉलर खर्चातले ९ वॉशिंग्टनमधून येतील, १ राज्याचा.' उरलेला एक डॉलर लपवू नका. तो विरोधक शोधून काढणारच, आणि तेव्हा बाकीचे नऊही खोटे वाटतील.

या चार पायऱ्या कोणत्याही तरतुदीला लावा: कायद्याचा आकडा, मग डॉलर, मग माणसाच्या दिवसातलं माप, मग खर्चाचं प्रामाणिक उत्तर. कुटुंबासाठी लिहिताना फक्त महिन्याचा हप्ता सांगून थांबू नका. डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, सोबत सांगा. स्वस्त हप्ता आणि काही हजारांचं डिडक्टिबल असलेला माणूस 'विमा स्वस्त झाला' हे वाक्य वाचून चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

शब्दांच्या निवडीत एक साधी कसोटी ठेवा: हा शब्द रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर कोणी वापरेल का? 'सिंगल पेअर' (सर्वांची बिलं एकाच सरकारी निधीतून भरणं) कोणी वापरत नाही, 'मेडिकेअर' सगळे वापरतात. केएफएफच्या चाचण्यांत 'मेडिकेअर फॉर ऑल' या शब्दांना 'सिंगल पेअर'पेक्षा ठळकपणे जास्त पसंती मिळाली आहे. उलट बाजूचे शब्दही ओळखून ठेवा. 'सोशलाइज्ड मेडिसिन' हा वार १९४९ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने अध्यक्ष ट्रूमन यांच्या राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या योजनेवर केला होता आणि तो अजून चालतो. २००९ मध्ये प्रचाराच्या भाषेचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी रिपब्लिकन नेत्यांना लिहिलेल्या टिपणात सल्ला होता की आधी संकट आहे हे मान्य करा, मग 'वॉशिंग्टनचा ताबा' आणि 'तुमच्या-डॉक्टरांच्या मध्ये येणारं सरकार' यावर बोला. टिपण बारकाईने अभ्यासण्यासारखं आहे, कारण त्यातही पहिली पायरी ऐकणाऱ्याच्या भीतीची आहे.

अफवेला उत्तर

७ ऑगस्ट २००९ रोजी रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर 'डेथ पॅनेल' हे शब्द लिहिले: म्हणजे कोणाला उपचार मिळावेत हे ठरवणारं सरकारी मंडळ. ज्यावरून ते निघाले ते कलम, विधेयक क्रमांक ३२०० मधलं १२३३, काय होतं? आयुष्याच्या अखेरीच्या उपचारांबद्दल रुग्णाला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर साधारण पाच वर्षांतून एकदा त्या भेटीचे पैसे मेडिकेअर देईल. सक्ती नव्हती, मंडळ नव्हतं. तरी कलम गाळावं लागलं. पुढे १ जानेवारी २०१६ पासून मेडिकेअर अशा भेटींचे वेगळे पैसे देऊ लागली आणि त्यावर म्हणावा तसा गदारोळ झाला नाही. वृद्ध माणूस आणि त्याचा डॉक्टर यांच्यातल्या एका शांत बोलण्यासाठी सहा वर्षं वाट पाहावी लागली.

उत्तर देताना बहुतेक लोक काय करतात? 'डेथ पॅनेल नाहीत!' असा मोठा मथळा देतात. राज्यशास्त्रज्ञ ॲडम बेरिन्स्की यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच अफवेवर काम केलं. अफवा पुन्हा उच्चारली की ती ओळखीची होते आणि ओळखीची गोष्ट खरी वाटू लागते. सर्वांत परिणामकारक ठरलं ते ज्याला ही अफवा फायद्याची होती त्याच पक्षाच्या, म्हणजे रिपब्लिकन, राजकारण्याच्या तोंडून आलेलं खंडन.

म्हणून उत्तराची बांधणी अशी ठेवा. पहिल्या वाक्यात खरं काय ते, ठोस: 'तुम्हाला हवं असेल तेव्हा डॉक्टरांशी बोला, भेटीचे पैसे मेडिकेअर देईल.' दुसऱ्यात आरोपाचा उल्लेख, त्याचे चटकदार शब्द न वापरता: 'याला सरकारी मंडळ म्हणणारे चुकीचं सांगत आहेत, असं कोणतंही मंडळ विधेयकात नाही.' तिसऱ्यात कलमाचा क्रमांक आणि पुन्हा खरी गोष्ट. बोलणारा माणूस विरोधी पक्षाचा मिळाला तर उत्तम; नाही तर गावातला डॉक्टर किंवा परिचारिका. आपल्या पक्षाचा नेता शेवटी ठेवा. अफवा अजून आपल्या लोकांपर्यंत पोचलीच नसेल तर उत्तर देऊ नका, फक्त पहिलं वाक्य जोरात पसरवा.

छापण्याआधी तपासणी

आठ-दहा जणांच्या दोन-तीन गटबैठका घ्या, पण त्यांतून टक्केवारी काढू नका. तिथे एकच काम करा: मजकूर वाचायला द्या, मग कागद काढून घ्या आणि 'यात काय सांगितलंय ते शेजाऱ्याला सांगताय असं समजून सांगा' म्हणा. त्यांच्या तोंडून जे शब्द येतात तेच पुढच्या खर्ड्यात घाला. जिथे ते अडखळतात, ते वाक्य काढा.

दोन मजकुरांत तुलना करायची असेल तर लोक चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटा. १० टक्क्यांचा फरक बहुतेक वेळा पकडायला प्रत्येक गटात सुमारे ३९० माणसं लागतात, ५ टक्क्यांचा पकडायला सुमारे १,५७०. पैसे कमी असतील तर पाच मजकुरांची चाचणी करण्यापेक्षा दोनांची करा. आणि प्रत्येक मजकुरानंतर विरोधकांचा सर्वांत जबर युक्तिवाद ऐकवून प्रश्न पुन्हा विचारा. पहिल्या उत्तरात जिंकणारा मजकूर दुसऱ्यात हरू शकतो. निवड दुसऱ्या आकड्यावर करा.

मतपत्रिकेवरचा प्रस्ताव

मेडिकेड विस्तार थेट मतदानाला ठेवला की रिपब्लिकन राज्यांतही तो जिंकतो, याचे दाखले भरपूर आहेत. मेनमध्ये २०१७ मध्ये ५९ टक्के; २०१८ मध्ये आयडाहो, युटा, नेब्रास्का; २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिझुरी; २०२२ मध्ये साउथ डाकोटा. पण २०१८ मध्येच मोंटाना हरलं. तिथे विस्तार कायम करण्याचा खर्च सिगारेटच्या पाकिटावर २ डॉलर जादा कर लावून काढायचा होता, आणि तंबाखू कंपन्यांनी विरोधात कोट्यवधी डॉलर ओतले. कर आला की हार, असा धडा मात्र यातून काढू नका. त्याच दिवशी युटाने विक्रीकर ४.७० वरून ४.८५ टक्के करणारा प्रस्ताव मंजूर केला. थोडा-थोडा सर्वांवर पडणाऱ्या कराला संघटित शत्रू नव्हता. एका उद्योगावर पडणाऱ्या कराला होता. प्रस्तावाचा मसुदा करतानाच विचारा: याच्याविरुद्ध चेक लिहिणारा कोण?

आणि प्रस्ताव साधा कायदा करणार की राज्यघटनेत बदल, हेही तेव्हाच ठरवा. युटात साधा कायदा होता. विधिमंडळाने काही महिन्यांत तो कापून छोटा केला आणि पूर्ण विस्तार २०२० उजाडल्यावरच लागू झाला. मेनमध्ये तत्कालीन गव्हर्नरांनी अंमल अडवून धरला, तो जानेवारी २०१९ मध्ये नवीन गव्हर्नर आल्यावर सुरू झाला. ओक्लाहोमात घटनादुरुस्ती होती आणि ती सुमारे साडेसहा हजार मतांनी, ५०.५ टक्क्यांवर, निसटती जिंकली. पण विधिमंडळाला ती साध्या कायद्याने मोडता येत नाही. मिझुरीत घटनादुरुस्ती असूनही विधिमंडळाने पैसे दिले नाहीत, तेव्हा जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये अर्ज हातावेगळे व्हायला लागले.

म्हणून प्रचाराच्या खर्चातला काही भाग निकालानंतरच्या महिन्यांसाठी आधीच वेगळा काढा. त्या काळातल्या पत्रकावर चार गोष्टी असू द्या: अर्ज कोणत्या तारखेपासून, कुठे, कोणती कागदपत्रं, आणि मदतीचा फोन क्रमांक. केंटकीत होतं तसं राज्याचं स्वतःचं नाव योजनेला असेल तर तेच सर्वांत मोठ्या अक्षरात छापा.